आरतीच्या आधीचं ताट

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाची तक्रार नको. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत लोकांचे अर्ज तपासण्यात गेली. कुठं सही राहिली, कुठं खाडाखोड केली, कुठं शिक्का आहे पण वाचता येत नाही, हेच बघायचं काम. ही नजर संध्याकाळी घरी आल्यावर खुंटीला टांगता येत नाही. माझा नवरा म्हणतो, "हिच्यापुढं देव उभा राहिला तर ही आधी त्याचं ओळखपत्र मागेल." आम्ही बौद्ध, देव मानत नाही, तेव्हा ती वेळ यायची नाही.

उस्मानपुऱ्यातला हा फ्लॅट घेऊन आम्हाला दहा वर्षं होतील. आठ घरांची इमारत, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. शहरात जात कुणी विचारत नाही, अशी एक समजूत आहे. खरंच विचारत नाहीत. आधी गाव विचारतात. गाव सांगितलं की, "गावात घर कोणत्या बाजूला?" असं सहज, चहाचा कप हातात असताना विचारतात. मग पुढं काही विचारायला उरत नाही. पहिल्या महिन्यात इमारतीतल्या चौघींनी मला गावातली बाजू विचारली. समोरच्या दारातल्या शेजारणीनं मात्र विचारली नाही. तिचं मला जास्तच खटकलं. जिला विचारायची गरज पडत नाही, तिला आधीच कळलेलं असतं, असा माझा हिशेब.

ती माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. पैठणकडचं शेतीवाडीचं मराठा घर, नवरा वाळूजला कंपनीत, एक मुलगी, आणि सासूबाई. मी तिला वहिनी म्हणते आणि ती मला ताई. सासूबाईंना सगळी इमारत घाबरते, मीसुद्धा.

आमच्या घरात एक नियम होता, माझ्या आईनं घातलेला. आई गावात असताना सणासुदीला लोकांच्या दाराबाहेर पदर पसरून उभी राहिलेली बाई. वरून पोळी टाकायचे, हात लागू नये म्हणून उंचावरून. पुढं बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर तिनं जे दार सोडलं ते सोडलंच. आम्हा भावंडांना सांगायची, "कुणाच्या देवापुढचं खायचं नाय. देवाचं झालं तरी ते उष्टंच." आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी शिकले, नोकरी केली, कितीतरी गोष्टी तिच्या मनाविरुद्ध केल्या, पण ही एक मोडली नाही. मात्र ती जसं तोंडावर सांगायची तसं सांगायचं धाडसही मला कधी झालं नाही. कचेरीत कुणी प्रसाद दिला की मी दोन्ही हातांनी घ्यायची, रुमालात बांधायची आणि रिक्षावाल्याला द्यायची.

आमच्याकडं मराठवाड्यात गणपतीच्या दिवसांत महालक्ष्म्या बसतात. गौरी म्हणा हवं तर, पण थाट वेगळा. दोन उभ्या देव्या, अंगावर भारी साड्या, पुढं फराळाचे डोंगर. दुसऱ्या दिवशी त्यांचं जेवण असतं. पुरणपोळी, सोळा भाज्यांची मिळून एक भाजी, आंबील, कटाची आमटी. पहाटे चारपासून बायका ओट्याशी उभ्या असतात. दुपारी बाराला आरती, देवीला नैवेद्य, आणि मग पंगती. देवी जेवल्याशिवाय घरातलं पोरसुद्धा त्यातलं काही तोंडात घालत नाही.

आम्ही राहायला आलो त्याच वर्षी समोरून ताट आलं. सामान लावायला मी रजेवर होते, दुपारचा दीड वाजला असेल. वहिनी स्वतः घेऊन आली होती. ताटावर तुळशीचं पान, कडेला फूल. "जेवायलाच या म्हणणार होते, पण तुमचं कसं असतं माहीत नाय," ती म्हणाली. या वाक्यावर मी चार दिवस विचार केला. तुमचं म्हणजे कुणाचं? ताट मी हसून घेतलं, दार लावलं, आणि सगळं वॉचमनच्या बायकोला देऊन टाकलं. शेजारचं ताट रिकामं परत द्यायचं नसतं, एवढी रीत मलाही ठाऊक आहे. घासून त्यात वाटीभर साखर घालून नेऊन दिलं. "कसं झालं होतं?" तिनं विचारलं. "फार छान," मी म्हणाले.

पुढच्या बुद्ध पौर्णिमेला मी खीर केली आणि समोर दिली. दारात सासूबाई होत्या. त्यांनी पातेलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि आत हाक मारली, "अगं ए, घे हे." हात पुढं केला नाही. पातेली दुसऱ्या दिवशी परत आली, आत नारळ. ती इतकी लख्ख घासलेली होती की मला माझा चेहरा दिसला. मी ती नवऱ्यापुढं धरली. "एवढी का घासली असेल?"

"खरकटी द्यायला हवी होती का?" नवरा म्हणाला.

"खाल्ली असेल का त्यांनी?"

"चोराच्या मनात चांदणं," तो म्हणाला आणि पेपर उघडून बसला. मला त्याचा राग आला, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं.

दुसऱ्या वर्षीपासून मात्र खरी त्रुटी सापडली. ताट आलं ते सकाळी साडेनऊला. आरतीला अडीच तास बाकी. मी कचेरीत निघायच्या गडबडीत होते. वहिनीनं ताटावर दुसरं ताट झाकलं होतं, आणि ती मागं, स्वतःच्या दाराकडं बघत होती. "घ्या ताई, लवकर घ्या," हलक्या आवाजात म्हणाली आणि गेलीसुद्धा. ताटात सगळं होतं, फक्त तुळशीचं पान नव्हतं, फूल नव्हतं. तिसऱ्या वर्षी तसंच. चौथ्या वर्षीही. जेवायला बोलावणार होते, हे वाक्य पुन्हा आलं नाही.

मला अर्थ लावायला वेळ लागला नाही. दुपारी त्यांचे भावकीतले लोक येणार, गाड्या लागणार. त्यांच्यासमोर आम्हाला ताट देताना दिसायला नको, म्हणून हे सकाळीच उरकून घेतात. म्हणजे पदर पसरायला बाहेर उभं राहायला नको, एवढीच सुधारणा. झाकलेलं ताट, मागं वळून बघणं, हलका आवाज, सगळे कागद एकमेकांना जुळत होते. तेव्हा वॉचमन बदलला होता, म्हणून मी ताट डब्यात भरून कचेरीत न्यायची. तिथं दुपारच्या जेवणात लोक तुटून पडायचे. "काय आंबील आहे हो," असं कुणीतरी म्हणायचं, आणि संध्याकाळी तेच मी वहिनीला सांगायची. साखर, कधी चार केळी, कधी शेंगदाण्याचे लाडू घालून ताट परत. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसायचा. तोही मला संशयास्पद वाटायचा.

सण माणसांना जवळ आणतो, असं गणपतीच्या मांडवात दर वर्षी कुणीतरी पाहुणा सांगतो. मला विचाराल तर एरवी वर्षभर झाकलेलं सणाच्या दिवशी उघडं पडतं. कुणाला उंबऱ्याच्या आत घ्यायचं, कुणाच्या हातावर बाहेरच ठेवायचं, हे त्या दिवशी ठरवावंच लागतं. माझी मुलगी जर्मनीत शिकायला गेली, तिथंही तेच. पहिल्या वर्षी सहा डिसेंबरला तिचा फोन आला, आवाज चढलेला. आमच्या घरात तो दिवस शोकाचा, पांढरे कपडे घालून वंदनेला बसायचा. आणि हिनं खोलीच्या बाहेर काढून ठेवलेल्या बुटात कुणीतरी चॉकलेट घालून ठेवलं होतं. "आई, मुद्दाम असेल का गं?" तिनं विचारलं. पोरगी माझीच. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तिनं शेजारच्या म्हातारीचं दार ठोठावून सरळ विचारलं होतं. तिकडं त्या दिवशी एका संताच्या नावानं मुलांच्या बुटात खाऊ ठेवतात, आणि म्हातारीला ही पोर एकटी दिसली, एवढंच. "मी विचारलं, आई," ती म्हणाली. "तू का विचारत नाहीस समोरच्या काकूंना?"

मी विषय बदलला. विचारलं की उत्तर मिळतं, ही माझी भीती होती. संशय आहे तोवर निम्मी शक्यता आपल्या बाजूनं असते. वहिनीनं माझ्या तोंडावर "व्हय" म्हटलं असतं तर मी त्या जिन्यातून रोज कशी चढले-उतरले असते? ती मला आवडत होती. तिच्याशी गप्पा मारल्याशिवाय माझी संध्याकाळ जात नव्हती. तिच्या लेखी मी माणूस आहे की नाही, एवढंच मला कळून घ्यायचं होतं, आणि तेवढंच कळून घ्यायचं नव्हतं.

मागच्या वर्षी मी निवृत्त झाले. त्यामुळं त्या पहिल्या वर्षानंतर महालक्ष्म्यांच्या जेवणाला प्रथमच दिवसभर घरात. साडेनऊला ताट आलं, झाकलेलं, नेहमीसारखं. मी ते डब्यात काढून ओट्यावर ठेवलं, आणि दाराला ते बाहेर बघायचं भोक असतं त्याला डोळा लावून उभी राहिले. नवऱ्यानं दोनदा विचारलं, काय बघतेस. मी त्याला हातानंच गप्प केलं. बाराला आरती झाली. मग ताटं निघाली. जिन्यानं खाली दोन, वरती दोन. काठापदराच्या साड्यांतल्या बायका हसत-बोलत घेऊन चालल्या होत्या, उघडी ताटं, प्रत्येकावर तुळशीचं पान आणि लाल फूल.

इतकी वर्षं जे अंदाजानं धरलं होतं, ते डोळ्यांनी दिसलं. सगळ्यांना देवीचं ताट, उजेडात. आम्हाला वेगळं, झाकून. बहुतेक स्वयंपाकही वेगळाच करत असतील. मी त्यांचं ताट घासलं. साखरेचा डबा हाताशी होता, तो उघडला नाही. रिकामं ताट घेऊन मी समोर गेले. दार उघडंच होतं, आत पंगत बसायची तयारी चालली होती, पंधरा-वीस माणसं. वहिनी वाढायला उभी होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "वहिनी, सकाळचं तुमचं ताट."

ती पुढं आली. ताटात पाहिलं. ते रिकामं आहे हे तिला दिसलं, पण तिचा चेहरा उतरला तो त्यानं नव्हे. ती माझ्याकडं बघतच नव्हती. ती सासूबाईंकडं बघत होती.

"सकाळचं?" सासूबाई म्हणाल्या. "आरती तर आत्ता झाली. सकाळी कुठलं ताट गेलं?"

त्या वहिनीकडं वळल्या.

"देवीच्या आधी ताट बाहेर काढलंस तू?"

वहिनी खाली बघत म्हणाली, "व्हय."

मी माझ्या घरात परत आले. मला अजून नीट काही समजलं नव्हतं, फक्त काहीतरी मोठं पाडून फोडल्यासारखं वाटत होतं. दाराआडून सासूबाईंचा आवाज येत होता. देवीला उष्टं दाखवलं. सगळा स्वयंपाक बाटला. पुन्हा करायचा, सगळा. मी पुन्हा त्या भोकाला डोळा लावला. तिचा नवरा पिशवी घेऊन जिना उतरला, औरंगपुऱ्यातून डाळ-गूळ आणि सोळा भाज्या पुन्हा आणायला. पाहुणे जिन्यात खुर्च्या टाकून बसले, काही निघून गेले. दुपारभर समोरून फोडणीचे, भांड्यांचे आवाज येत राहिले. संध्याकाळी दुसऱ्यांदा आरती झाली. भोकापासून हटल्यावर मी स्वयंपाकघरातच बसून होते. चहासुद्धा केला नाही.

सात वाजता वहिनी आली. केस सुटलेले, मनगटावर वाफेनं भाजल्याचा लाल पट्टा. ती सरळ माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"रिकामं ताट का दिलं, ताई?"

माझ्याकडं याचं उत्तर वर्षानुवर्षं तयार होतं. मी ते सगळं बोलले. झाकून आणता, मागं बघत आणता, पाहुणे यायच्या आधी उरकता, आमच्या ताटावर तुळस नाही, फूल नाही. बोलता बोलता माझा आवाज आईसारखा झाला.

तिनं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "तुळस ठेवली की ते देवीचं झालं ना. तुम्ही देवाचं खात नाय. पहिल्या वर्षी वॉचमनची बायको मला म्हणाली, काकू, तुमची पोळी लई मऊ होती. तेव्हा कळलं. मग मी आपलं देवीच्या आधीच तुमचं काढून ठेवायला लागले. सासूबाईंना आठ वर्षं पत्ता लागू दिला नाय."

मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. आणि तरी, इतकं ऐकूनही, माझ्या तोंडून निघालं तेच. "आणि आमची खीर? ती खाता तुम्ही?"

"मी खाते. पोरगी खाते, हे खातात. सासूबाई नाय खात, खोटं कशाला बोलू. जायफळ लई घालता तुम्ही, दर वर्षी म्हणीन म्हणते आणि राहून जातं."

म्हणजे माझा संशय अगदीच खोटा नव्हता. त्या घरात एक माणूस माझ्या हातचं खात नव्हतं. पण जिच्याबद्दल मला जाणून घ्यायचं होतं, तिला माझ्या खिरीतलं जायफळ खुपत होतं. न खाणाऱ्याला काय खुपणार? मी मात्र आठ वर्षं तिच्या स्वयंपाकात एक खोड काढली नव्हती. सगळं कायम छानच होतं.

तेवढ्यात तिची नजर ओट्यावरच्या डब्याकडं गेली. तिनं झाकण उघडलं. पोळ्या घडीवर घडी तशाच होत्या, भाजीला चमचा लागलेला नव्हता. तिनं माझ्याकडं पाहिलं. मला एखादी थाप मारता आली असती, जेवायचंय अजून, पित्त झालंय. ती मी मारली नाही, आणि खरंही बोलले नाही.

"कधीच नाय?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

तिनं झाकण लावलं, डबा उचलला आणि दार ओढून घेऊन गेली. डबा दुसऱ्या दिवशी घासून परत आला. नंतर वर्षभर आम्ही बोलत राहिलो, पाणी आलं का, गॅसवाला गेला का, एवढंच. बुद्ध पौर्णिमेला मी खीर दिली. जायफळ घातलंच नाही. पातेली परत आली, आत साखर. कशी झाली होती ते तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मी सकाळी नऊपासून दारामागं होते. मी मनाशी ठरवलं होतं, ताट आलं की तिच्यासमोरच बसून खायचं. मीठ कमी असेल तर कमी आहे म्हणायचं. साडेनऊ झाले. दहा, साडेदहा. कुणी आलं नाही. एक वाजता बेल वाजली. तिची मुलगी होती. उघडं ताट, वर तुळशीचं पान, कडेला लाल फूल. "आईनं दिलंय," ती म्हणाली. "सगळ्यांना दिलं तसंच."

इतकी वर्षं हेच तर मागत होते मी. सगळ्यांसारखं, आरतीनंतरचं, उजेडात. ते हातात घेऊन मी दारात उभी राहिले, आणि पहिला विचार मनात आला तो असा, की हिनं सूड उगवला. मला चालत नाही हे माहीत असून तुळस ठेवून पाठवली.

पण या खेपेला मी तो विचार घरात नेला नाही. ताट तसंच घेऊन समोर गेले. वहिनी दारात आली. जे मी कचेरीत कुणाला, इमारतीत कुणाला, तिला कधीच बोलले नव्हते, ते बोलले. "वहिनी, मला हे चालत नाही. मी देवापुढचं खात नाही."

तिला राग आला नाही. तिनं ताट माझ्या हातातून घेतलं.

"माहीत हाय मला, ताई," ती हळू म्हणाली. "पण आता आधी काढता येत नाय. सासूबाई पहाटे चारपासून ओट्याजवळ खुर्ची टाकून बसतात. मागच्या वर्षीपासून माझ्यावर भरोसा राहिला नाय त्यांचा."